कापणीवाले आणि ‘फ्यूमे’: २१४ तिकिटांच्या ओळखीच्या नोंदी

८ जून

पाकीट आज आलं. ऑनलाइन लिलावात घेतलेला लॉट: पहिल्या महायुद्धानंतरच्या हंगेरीच्या सीमाभागातली ओव्हरप्रिंट (आधीच छापलेल्या तिकिटावर नंतर चढवलेली अक्षरं) असलेली तिकिटं. मोजून २१४. लॉटचे ६,८०० रुपये, टपाल १,१५०, सीमाशुल्क आणि हाताळणी ९४०. म्हणजे घरी येईपर्यंत ८,८९०.

ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांच्यासाठी ही वही. माझ्याकडे आधी १९४७ ची ‘पाकिस्तान’ ओव्हरप्रिंट होती. भारताच्याच तिकिटांवर आपल्या नाशिकच्या छापखान्यात तो शब्द छापला गेला आणि ती तिकिटं १ ऑक्टोबर १९४७ ला विक्रीला आली. शिवाय तिकडच्या गावोगावच्या टपाल कचेऱ्यांनी हाताने मारलेले शिक्के वेगळेच. त्यातून गोडी लागली ती याचीच की देश बदलतो, कचेरीतला साठा तोच राहतो, आणि कुणीतरी त्या साठ्यावर नवं नाव मारतं.

९ जून

पहिली मोठी चूक आजच झाली, म्हणून आधी तीच लिहिते. बऱ्याच तिकिटांच्या मागे जुन्या हिंजा (अल्बममध्ये तिकीट लावायच्या डिंकाच्या छोट्या पट्ट्या) आणि कागदाचे तुकडे चिकटलेले होते. मी शंभराहून जास्त तिकिटं कोमट पाण्यात टाकली, टिपकागदावर काढली आणि जाड पुस्तकांखाली दाबून ठेवली. दिसायला छान स्वच्छ झाली. पण त्या दाबाने मागच्या बाजूचा एक पुरावा पुसला गेला. तो कोणता ते २२ जूनच्या नोंदीत आहे. जांभळ्या शाईचा हातशिक्का असलेलं एक तिकीट तर पाण्यातच पसरलं. ते गेलंच.

जे ओळखायचं आहे ते ओळखून होईपर्यंत पाण्याला हात लावू नका.

१२ जून

नुसत्या वर्गवारीत तीन संध्याकाळी गेल्या. मूळ तिकीट बहुतेक ठिकाणी एकच: शेतात गहू कापणारी माणसं. हंगेरीच्या टपाल खात्याची ही मालिका १९१६ पासूनची, संग्राहक तिला ‘कापणीवाले’ म्हणतात. वरच्या किमतींना बुडापेस्टच्या संसदेची इमारत. त्याच चित्रावर आठ प्रदेशांची नावं. टेबलावर ढीग लावले तसे:

ओव्हरप्रिंट नसलेली साधी ३१. नुसतं ‘क्योझतारशाशाग’, म्हणजे प्रजासत्ताक, छापलेली २२. ‘ह्रवात्स्का एस.एच.एस.’, म्हणजे झाग्रेबची, ३८. ट्रान्सिल्व्हेनियात रुमानियाने छापलेली ४१. रुमानियन ताब्यातल्या देब्रेत्सेनची १७. सर्बियाच्या ताब्यातल्या बारान्याची १२. सेगेदच्या बोल्शेविकविरोधी सरकारची ९. अरादची, ‘फ्रेंच ताबा’ असं फ्रेंचमध्येच लिहिलेली, ८. पश्चिम हंगेरीतल्या १९२१ च्या बंडखोरांची ८. ‘फ्यूमे’ २७. आणि एक इटालियन तिकीट, जे या लॉटमध्ये का आहे ते तेव्हा मला कळलं नाही.

सगळं एकदम करायचं नाही असं ठरवलं. फ्यूमेची २७ आधी. बनावट माल तिथेच सर्वांत जास्त आणि किमतींचा फरकही तिथेच. साध्या कापणीवाल्याला कवडीची किंमत नाही. त्यावर FIUME ही पाच अक्षरं चढली की भाव चढतो. बनावट करणाऱ्याला तिकीट बनवावं लागतच नाही. ते खरंच असतं. बनवायची ती फक्त अक्षरं.

१४ जून

या शहराबद्दल कामापुरतं. फ्यूमे म्हणजे आजचं क्रोएशियातलं रिएका. हॅब्सबर्ग काळात ते हंगेरीच्या राजमुकुटाखाली होतं आणि हंगेरीचं समुद्रावरचं बंदर होतं. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर तिथल्या इटालियन राष्ट्रीय परिषदेने इटलीत सामील होत असल्याचं जाहीर केलं, सर्ब-क्रोएट-स्लोव्हेनांचं नवं राज्यही हक्क सांगत होतं, आणि नोव्हेंबरात इटालियन सैन्य उतरलं. कचेरीत मात्र हंगेरीचाच साठा. डिसेंबर १९१८ च्या सुरुवातीला त्यावर ‘फ्यूमे’ छापून तो विकायला सुरुवात झाली. काही यंत्रावर, काही हाताच्या शिक्क्याने. इटालियन कवी दान्नुन्झिओ आपले स्वयंसैनिक घेऊन शहरात शिरला तो १२ सप्टेंबर १९१९ ला, म्हणजे ही तिकिटं त्याच्याही आधीची. विक्रेत्याच्या वर्णनात त्याचं नाव होतं, भाव वाढावा म्हणून. या तिकिटांशी त्याचा संबंध नाही.

१५ जून

स्कॅनिंग. पूर्ण वाया गेलेला दिवस. ३०० डीपीआयवर जेपेगमध्ये सगळी २७ स्कॅन केली आणि अक्षरांच्या कडा मोठ्या करून बघायला बसले. कडेला जो भुरकट पट्टा दिसला तो शाई फुटल्याचा आहे असं समजून सहा तिकिटं ‘संशयित’ म्हणून बाजूला काढली. रात्री लक्षात आलं की तो पट्टा जेपेगने स्वतःच तयार केला आहे. फाइल दाबून लहान करताना काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर तसा मळ येतोच.

परत १२०० डीपीआय, टिफ फाइल, स्कॅनरमधली ‘शार्पन’ आणि रंग सुधारण्याची सगळी बटणं बंद. झाकणाला काळा कार्डपेपर चिकटवला, त्यामुळे दंतूर कडा नीट दिसते. अशी २७ करायला एकूण साडेचार तास लागले.

१७ जून

आज मोठी पायरी झाली आणि तिला एकही उपकरण लागलं नाही.

तिकिटाच्या तळाचा मजकूर वाचा. १९१६ ते १९१८ च्या कापणीवाल्यांवर ‘मग्यार किर. पोश्ता’ असतं. ‘किर.’ म्हणजे राजेशाही. १६ नोव्हेंबर १९१८ ला हंगेरी प्रजासत्ताक झाला, आणि १९१९ मध्ये हीच चित्रं पुन्हा छापली तेव्हा तो शब्द काढून नुसतं ‘मग्यार पोश्ता’ ठेवलं. आता विचार करा: फ्यूमेच्या कचेरीत डिसेंबर १९१८ मध्ये १९१९ चं तिकीट कुठून येणार?

माझ्या २७ पैकी तीन तिकिटांवर ‘किर.’ नाही. तीनही बनावट. ओव्हरप्रिंटची अक्षरं किती का सुबक असेनात, ती बघायचीच गरज नाही. या तिघांपैकी एकाची अक्षरं मला सगळ्या २७ मध्ये सर्वांत सुरेख वाटली होती.

एक सावधगिरी. ही कसोटी आंधळेपणाने दुसऱ्या ढिगांना लावू नका. देब्रेत्सेनची ओव्हरप्रिंट १९१९ ची, तिथे ‘किर.’ असलेली आणि नसलेली दोन्ही तिकिटं खरी असू शकतात. पश्चिम हंगेरीची १९२१ ची, तिथे तर ‘मग्यार पोश्ता’च हवं. मी उत्साहात देब्रेत्सेनची चार तिकिटं बनावटच्या डब्यात टाकली होती, ती दुसऱ्या दिवशी परत काढली.

१९ जून

शिक्के. इथे मी फसलेच होते.

दोन तिकिटांवर टपालाचा शिक्का स्वच्छ उमटला आहे आणि त्यात गावाचं नाव फ्यूमे असं अर्धवट वाचता येतं. ओव्हरप्रिंट फ्यूमेचं, शिक्काही फ्यूमेचा. पहिल्याच दिवशी मी ही दोन ‘नक्की खरी’ म्हणून वेगळ्या पाकिटात ठेवली होती. आज १२०० डीपीआयवर तारीख वाचली. हंगेरियन शिक्क्यात आधी वर्ष येतं, तेही तीनच आकड्यांत, मग महिना आणि दिवस. एकावर ‘९१७’ आहे. दुसऱ्यावर ‘९१८’ आणि पुढे ऑगस्टची अक्षरं.

तेव्हा ओव्हरप्रिंट जन्मलंच नव्हतं. म्हणजे शिक्का खरा, तिकीट खरं, दोन्ही फ्यूमेचीच. युद्ध चालू असताना तिथून गेलेल्या कुणाच्या तरी पत्रावरचं साधं हंगेरियन तिकीट. नंतर कुणीतरी त्यावर पाच अक्षरं चढवली. या बनावटीचा मला राग आला, कारण ते साधं तिकीट तसंच राहिलं असतं तर फ्यूमेच्या शिक्क्यामुळे ते माझ्या संग्रहात मानाने बसलं असतं.

तारखेची ही तपासणी आता सगळ्या ढिगांवर करणार आहे. एका तिकिटाला मिनिटभर लागतं.

२० जून

उपकरणांचा खर्च लिहून ठेवते. यूएसबी मायक्रोस्कोप १,८५०. अतिनील टॉर्च ४५०. वॉटरमार्क बघायचा काळा ट्रे २२०.

टॉर्च आणि ट्रे या कामासाठी जवळजवळ वाया गेले. त्या वेळच्या हंगेरियन कागदात दुहेरी क्रुसाचं जलचिन्ह असतं. ते माझ्या सगळ्या तिकिटांत दिसलं, बनावट ठरलेल्या पाचांतसुद्धा, कारण कागद खराच आहे. टॉर्चखाली एका तिकिटाचा एक कोपरा पांढरा शुभ्र चमकला. तिथे नवा कागद जोडून दुरुस्ती केली आहे. तेवढाच फायदा. लेखांमधून ही दोन उपकरणं सगळ्यांत आधी सांगितली जातात. तिकीटच बनावट असेल तर ती उपयोगी. खऱ्या तिकिटावर खोटी अक्षरं असतील तर नाहीत.

मायक्रोस्कोपचे पैसे मात्र वसूल झाले. चार तिकिटांवरची अक्षरं मोठी केल्यावर काळी दिसेनात. त्यात निळे, लाल, पिवळे बारीक ठिपके दिसले. घरगुती इंकजेट प्रिंटर. चारही गेली. म्हणजे नऊ पक्की बनावट, अठरा उरली.

२२ जून

आमचा ट्रेडलचा, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्राचा, छापखाना होता, वडील गेल्यावर बंद केला. तिथले जुने कंपोझिटर (खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणारे) तात्या जवळच राहतात, वय ऐंशीच्या पुढे. आज अठरा तिकिटं, भिंग आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले.

लॅपटॉपकडे त्यांनी बघितलंच नाही. तिकीट चिमट्याने उचललं, खिडकीशी आडवं धरलं आणि उलटं केलं.

“अगं, दाब कुठाय? खिळा कागदात रुतल्याबिगर छापतोय होय?”

मी सांगितलं, “तात्या, मी ती भिजवून पुस्तकाखाली दाबली.”

ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली. न भिजवलेली मात्र सात होती. ती त्यांनी तिरप्या उजेडात एकेक धरून दाखवली. सहांच्या मागे अक्षरांची उलटी उठाण बोटाला लागत नाही पण डोळ्याला दिसते. सातव्याची पाठ सपाट.

मग शाई. खिळ्याने छापलेल्या अक्षराच्या कडेला शाई ढकलली जाऊन गडद कड तयार होते, पोट जरा फिकं राहतं. रबरी शिक्क्याची शाई उलट वागते, कडेला विरते. हे मी लहानपणापासून बघितलेलं आहे. गणपतीचं रंगीत चित्र असलेल्या तयार लग्नपत्रिका गठ्ठ्याने यायच्या आणि आम्ही त्यावर वधूवरांची नावं ट्रेडलवर चढवायचो. तेही ओव्हरप्रिंटच. पंधरा दिवस मी स्कॅनर आणि टॉर्चमध्ये घालवले आणि घरातलं हे ज्ञान मला आठवलं नाही याचं आज फार वाईट वाटलं.

तिसरी गोष्ट त्यांनीच काढली. माझ्याकडे फ्यूमेची तीन जोडतिकिटांची एक पट्टी आहे. ती बघून म्हणाले, “हे तीन एम तीन वेगळ्या खिळ्यांचे आहेत बघ. एकाचा पाय झिजलाय.” स्कॅनमध्ये एकावर एक ठेवून बघितलं, खरंच. जुळवलेल्या खिळ्यांनी पूर्ण पान छापलं तर शेजारशेजारची अक्षरं तंतोतंत सारखी येऊच शकत नाहीत. तीनही हुबेहूब एकसारखी असती तर तिथे एकाच ठशाचा संशय घ्यावा लागला असता.

२७ जून

पाऊस लागला. सांगलीच्या या हवेत मागचा डिंक ओला होतो. मिंट, म्हणजे न वापरलेली, डिंक शाबूत असलेली तिकिटं स्टॉकबुकच्या (तिकिटं ठेवायच्या वहीच्या) पट्टीत चिकटायला लागली, दोन सोडवताना एकाचा डिंक फाटला. सिलिका जेलच्या पुड्या (१८० रुपये) आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. हे काम जूनमध्ये सुरू करायलाच नको होतं. थंडीत करा.

३ जुलै

शाईचा क्रम बघायचा प्रयत्न. तर्क सोपा आहे: आधी ओव्हरप्रिंट, मग टपालाचा शिक्का. म्हणून जिथे दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात तिथे शिक्का वर दिसला पाहिजे. प्रत्यक्षात काळ्यावर काळं असेल तर काहीच सांगता येत नाही. तीन संध्याकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, दिवा चारही बाजूंनी फिरवला. छापखान्याच्या शाईला तेलाची जरा चकाकी असते, शिक्क्याची शाई निस्तेज असते. त्यावरून दोन तिकिटांवर मत बनलं, बाकीच्यांवर नाही. मत म्हणते, निकाल नाही. ही पायरी लेखांत वाचायला जितकी सोपी वाटते तितकी ती नाही.

६ जुलै

ते एकटं इटालियन तिकीट. आज भिंगाखाली नीट वाचलं: ‘३-५-१९४५’, त्यातला पाच रोमन आकड्यात, आणि पुढे ‘फ्यूमे रिएका’. शिवाय तारा.

तेच शहर. मधल्या काळात रोमच्या १९२४ च्या करारानुसार ते इटलीत गेलं, दुसरं महायुद्ध झालं, आणि ३ मे १९४५ ला युगोस्लाव्ह सैन्य शहरात आलं. पुन्हा जुन्या सत्तेचा साठा, पुन्हा त्यावर नवं नाव, या वेळी दोन भाषांत. १९४७ च्या शांतता तहाने शहर युगोस्लाव्हियाकडे गेलं. विक्रेत्याने ते या लॉटमध्ये चुकून टाकलं असेल, पण मी ते फ्यूमेच्या पानावरच लावलं, १९१८ च्या शेजारी. टेबलावर दोन्ही एकत्र बघताना मी बराच वेळ बसून राहिले. सत्तावीस वर्षांत त्या कचेरीतल्या एखाद्या कारकुनाने दोन्ही हाताळली असतील.

९ जुलै

आता किमतीचा प्रश्न. अठरांत एक दहा फिलेरचं (फिलेर हे हंगेरीचं छोटं नाणं) लाल तिकीट आहे ज्यातले आकडे पांढरे आहेत. १९१६ च्या पहिल्या छपाईत दहा आणि पंधरा फिलेरचे आकडे पांढरे होते, पुढे ते रंगीत झाले. १९१८ च्या शेवटी फ्यूमेच्या कचेरीत पांढऱ्या आकड्यांचा साठा थोडाच उरलेला, म्हणून त्यावरचं ओव्हरप्रिंट दुर्मिळ. हे तिकीट खरं असेल तर लॉटचे सगळे पैसे वसूल होऊन वर उरतील. खोटं असेल तर ते लाल कागदाचा तुकडा.

‘किर.’ आहे. शिक्का नाही, न वापरलेलं. मी भिजवलेल्यांतलं, त्यामुळे दाबाचा पुरावा नाही. शाईची कड चांगली गडद. माझं मत: खरं.

युरोपातल्या एका तज्ज्ञाकडे तीन तिकिटं पाठवायचं ठरवलं: हे पांढऱ्या आकड्यांचं, यंत्रावर छापलेलं एक साधं, आणि हातशिक्क्याचं एक, ज्याची शाई विस्कळीत आहे आणि जे मी मनातून बनावट ठरवलं होतं. तिसरं पाठवलं ते माझी नजर तपासायला. तपासणीची फी आणि जाण्यायेण्याचं टपाल मिळून ७,४०० रुपये. म्हणजे लॉटच्या किमतीपेक्षा जास्त. पाठवण्याआधी तिन्हींची दोन्ही बाजूंची स्कॅन ठेवली.

१२ ते २८ जुलै

वाट बघताना बाकीचे ढीग. ह्रवात्स्काची आणि ट्रान्सिल्व्हेनियाची बहुतेक साधी, स्वस्त. शिक्क्यांच्या तारखा बघितल्या, खटकणारं काही नाही. पश्चिम हंगेरीची आठही न ठरवता बाजूला ठेवली. तिथे बंडखोरांनी ऑक्टोबर १९२१ मध्ये ‘लॉयताबानशाग’ नावाचं राज्यच जाहीर केलं होतं, आणि डिसेंबरात शोप्रोन शहर कुणाकडे जायचं यावर सार्वमत झालं. तुलनेला पत्रावर वापरलेली खात्रीची नगं हवीत, ती माझ्याकडे नाहीत.

अरादच्या आठपैकी एकावर ‘९१८ जून’चा शिक्का. अरादची ओव्हरप्रिंट १९१९ ची. तेही गेलं.

१९ ऑगस्ट

उत्तर आलं.

यंत्रावरचं साधं: खरं. पांढऱ्या आकड्यांचं: तिकीट खरं, ओव्हरप्रिंट बनावट, जुनी बनावट, खिळ्यांनीच छापलेली. म्हणूनच शाईची कड गडद होती. छापखाना त्या काळातही कुणालाही उपलब्ध होता, खिळे कुणालाही मिळत होते. खिळ्याची छपाई म्हणजे खरं, असं मी २२ जूनपासून धरून चालले होते. ते चूक होतं. खिळ्याची खूण दिसली की आधुनिक प्रिंटर बाद होतो, एवढंच. त्यापुढे अक्षरांची मापं खात्रीच्या नगाशी जुळवावीच लागतात.

आणि हातशिक्क्याचं, विस्कळीत शाईचं, मी बनावट ठरवलेलं: खरं.

तात्यांना फोन केला. म्हणाले, “हातानं शिक्का मारणाऱ्याला दिवसाला किती मारायला लागत असतील? एकसारखे कसे येतील, पोरी?”

२१ ऑगस्ट

आतापर्यंतचा खर्च: लॉट घरपोच ८,८९०, उपकरणं २,५२०, सिलिका जेल १८०, तपासणी ७,४००. एकूण १८,९९०. संध्याकाळी आणि रविवार मिळून अंदाजे ९० तास.

अठरांपैकी, शाई विस्कळीत आहे एवढ्याच कारणाने, मी आणखी पाच हातशिक्क्याची तिकिटं संशयिताच्या डब्यात टाकली होती. ती आज परत काढली. प्रमाणपत्र मिळालेल्या तिकिटाचं स्कॅन खाली, त्यावर एकेकाचं स्कॅन अर्धपारदर्शक करून ठेवते, पाचही अक्षरांची उंची आणि मधली अंतरं बघते. शाई विसरायची, फक्त मापं. दोन जुळली. तिसऱ्याचा ई जरा बुटका आहे. उरलेली दोन उद्या, दिवसाच्या उजेडात.